गावचे पाणी आणि गावची भाकर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या म्हणजे बीड जिल्ह्यातील पुष्कळशा शिक्षकांस एक अनुभव दरवर्षी येतो. हजेरीपटावर नावे असतात, परंतु बाकांवर मुले नसतात. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला असतो आणि कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे वा कर्नाटकाकडे निघालेल्या आईबापांबरोबर मुलेही गेलेली असतात. ती परत येतात ती बहुधा चैत्राच्या सुमारास. तोवर अर्धे वर्ष हातचे गेलेले असते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात आली आहे आणि तिचा उपयोगही होतो. तथापि आईबाप मुळात गाव का सोडतात, हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याची कारणे अनेक आहेत. जमिनीचा लहान तुकडा, डोक्यावरील उचल, हाताला कामाचा अभाव ही त्यांपैकी काही होत. परंतु या सर्वांच्या तळाशी एक कारण आहे, आणि ते म्हणजे खरिपाचे पीक निघाल्यावर शेताला द्यावयास पाणी नसणे. म्हणून पाण्याचा विचार हा केवळ शेतकी खात्याचा विषय नसून शाळेचाही विषय आहे.

जिल्ह्याची जमीन आणि पाऊस

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. जिल्ह्याच्या मधून बालाघाटचा डोंगर पूर्व-पश्चिम पसरला आहे. बिंदुसरा, सिंदफणा, कुंडलिका, वाण या नद्यांचे पाणी अखेर गोदावरीस मिळते. दक्षिणेकडून मांजरा वाहते. नद्यांची नावे अशी पुष्कळ असली तरी त्यांपैकी बहुतेक पावसाळ्यानंतर लवकरच आटतात. जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरीने सुमारे ६०० ते ७०० मिलिमीटर धरण्यात येतो. आष्टी-पाटोद्याकडे तो कमी, तर अंबाजोगाई-परळीकडे त्याहून अधिक असतो. परंतु सरासरी हा शब्द फसवा आहे. एखाद्या वर्षी निम्माच पाऊस पडतो. एखाद्या वर्षी महिनाभर उघडीप राहून पुढे चार दिवसांत सर्व पाऊस कोसळतो. पिकाला सरासरी कळत नाही. त्यास वेळेवर पडलेला पाऊस हवा असतो.

जमिनीखाली सर्वत्र काळा पाषाण आहे. पुरातन काळी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. या खडकात वाळूसारखी पोकळी नसते. वरचा मुरूम, खडकातील भेगा आणि दोन थरांमधील सच्छिद्र पट्टा एवढ्यातच काय ते पाणी साठते. विहीर खणणारे जाणते लोक झरा कोठे लागेल हे याच पट्ट्यांवरून ओळखतात. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. भूमीच्या पोटात अथांग समुद्र आहे आणि खोल गेले की पाणी लागणारच, अशी जी समजूत पसरलेली आहे ती या जिल्ह्यापुरती तरी खरी नाही. आपल्या खडकाचे पोट लहान आहे. ते पावसाळ्यात भरते आणि उपसले की रिकामे होते.

एका गावाचा हिशेब

आता एक साधे गणित पाहू. हे गणित पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांस फळ्यावर सोडवून दाखविता येईल.

एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी पडले. एखाद्या गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे आणि वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस झाला असे धरू. गावावर पडलेले एकूण पाणी झाले ६०० कोटी लिटर. गावची वस्ती २,००० असून माणशी रोज ५५ लिटर पाणी लागते असे धरल्यास वर्षाची गरज सुमारे ४ कोटी लिटर होते. १,००० मोठ्या जनावरांना रोज प्रत्येकी ५० लिटर दिल्यास आणखी सुमारे २ कोटी लिटर लागतील. म्हणजे माणसे आणि जनावरे मिळून ६ कोटी लिटर. पडलेल्या पाण्याचा हा अवघा शंभरावा हिस्सा होय! असे असता याच गावात मार्च महिन्यात टँकर का यावा?

याचे उत्तर हिशेबाच्या पुढील पायरीत आहे. पडलेल्या पाण्यापैकी मोठा भाग पिके व गवत शोषून घेतात किंवा त्याची वाफ होते. काही भाग ओढ्यानाल्यांतून वाहून जातो. खडकात मुरून विहिरींना मिळणारे पाणी खडकाच्या प्रकाराप्रमाणे कमीअधिक असते. ते साधारणतः पावसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास धरावे. म्हणजे गावाच्या भूमिगत तिजोरीत वर्षाला ६० कोटी लिटर जमा झाले. पिण्यासाठीचे ६ कोटी बाजूस ठेवले तर शेतीसाठी ५४ कोटी उरतात.

हे ५४ कोटी लिटर कोणत्या पिकास द्यावयाचे, हा खरा प्रश्न आहे. उसाला वाढीच्या काळात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. २,००० धरू आणि त्यातील ५०० पावसातून भागले असे मानू. उरलेले १,५०० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दीड कोटी लिटर विहिरीतून उपसावे लागेल. या मानाने ५४ कोटी लिटरमध्ये ३६ हेक्टर ऊस होईल. रब्बीची ज्वारी जमिनीतील ओलाव्यावर वाढते. तिला ७५ मिलिमीटरची दोन पाणी मिळाली तर ती बुडत नाही. दोन पाण्यांचे हेक्टरी १५ लाख लिटर होतात. तेव्हा त्याच ५४ कोटी लिटरमध्ये ३६० हेक्टर ज्वारीला आधार मिळेल. एकीकडे ३६ हेक्टर, दुसरीकडे ३६० हेक्टर. एकीकडे काही थोड्या घरांचा ऊस, दुसरीकडे गावातील बहुतेक घरांची भाकर आणि जनावरांचा कडबा.

आणि उसाचे क्षेत्र ३६ हेक्टरांवरून ४० हेक्टरांवर गेले की पिण्याचे ६ कोटी लिटरही त्यात संपतात. हजार हेक्टरांच्या शिवारात चाळीस हेक्टर म्हणजे डोळ्यांत न भरणारे क्षेत्र. पण टँकर येतो तो यामुळे. हिशेबातील आकडे गावोगाव बदलतील, परंतु हिशेबाची रीत बदलणार नाही.

येथे शेतकऱ्यास दोष देणे न्यायाचे होणार नाही. तो ऊस लावतो याला कारण आहे. उसाला ठरलेला किमान दर मिळतो आणि कारखाना तो शेतातून उचलून नेतो. ज्वारी, तूर, हरभरा यांना अशी शाश्वती नाही. गारपीट वा अवेळी पाऊस झाला तरी ऊस इतर पिकांइतका नासत नाही. म्हणून नुसत्या उपदेशाने पीक बदलत नाही. परंतु गावाचे पाणी किती आणि ते कोठे जाते, हे सर्वांस ठाऊक असेल तरच बदलाचा विचार निघू शकतो. आज बहुतेक गावांत ते ठाऊक नाही.

खजाना विहिरीचा धडा

बीड शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, सोळाव्या शतकात ती बांधली गेली. सलाबतखानाने ती बांधविली आणि तिची रचना राजा भास्कर याने केली, असे परंपरेने सांगतात. विहीर गोल व चिरेबंदी आहे. परंतु तिचे खरे वैशिष्ट्य जमिनीखाली आहे. तीन भुयारी नहरी तिला जोडलेल्या आहेत. दोन नहरींनी आसपासच्या खडकात मुरलेले पाणी विहिरीत येते, आणि तिसऱ्या नहरीने ते बाहेर पडून बलगुजार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेतजमिनीकडे जाते. नहरींवर ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी व साफसफाईसाठी उभी तोंडे ठेवलेली आहेत. मोट नाही, इंजिन नाही, वीज नाही. जमिनीच्या उताराने पाणी आपोआप शेतापर्यंत पोहोचते. मोठमोठ्या दुष्काळांतही या विहिरीने दगा दिला नाही, अशी तिची ख्याती आहे.

औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने बांधलेली नहरही याच विद्येची साक्ष देते.

या रचनेकडे केवळ जुन्या काळचे कौतुक म्हणून पाहू नये. तिच्यात एक नियम दडलेला आहे. नहर जेवढ्या पातळीवर खोदली आहे तेवढ्या पातळीपर्यंतचेच पाणी तिच्यातून वाहते. खडकात पाणी कमी झाले की प्रवाहही आपोआप बारीक होतो. म्हणजे निसर्गाने जमा केले त्याहून अधिक खर्च करणे या व्यवस्थेत शक्यच नव्हते. कूपनलिकेची गोष्ट याच्या उलट आहे. शेजाऱ्याची दोनशे फूट गेली की आपली तीनशे, आणि मग त्याची पाचशे. खोल भेगांत वर्षानुवर्षे साठलेले पाणी एकदा उपसले की ते पुन्हा भरावयास एक पावसाळा पुरत नाही. शिवाय खोल छिद्रामुळे वरच्या उथळ विहिरींचे पाणीही खाली उतरते आणि ज्या गरीब शेतकऱ्याची विहीर चाळीस फुटांची आहे त्याचा झरा प्रथम बंद पडतो. पाण्याची शर्यत लागली म्हणजे ती पैशाची शर्यत होते.

या कारणास्तव महाराष्ट्राने २००९ साली भूजलाविषयी कायदा केला. तो २०१४ पासून अंमलात आला. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. कायदा आवश्यकच होय. परंतु गावाने मनावर घेतल्यावाचून तो कागदावरच राहतो.

धरणे असूनही तहान

जिल्ह्यात धरणे नाहीत असे नाही. बिंदुसरेवर पालीजवळ, मांजरेवर केज तालुक्यात धनेगाव येथे आणि सिंदफणेवर माजलगाव येथे मोठे जलाशय आहेत. पैठण येथील जायकवाडीच्या उजव्या कालव्याचा लाभही गोदाकाठच्या भागास होतो. तरीही १९७२ चा दुष्काळ आला, २०१२-१३ चा आला आणि २०१४ पासून लागोपाठ पाऊस हुकत जाऊन २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरेचे धरण कोरडे पडले. त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले. एक हेक्टर शेताला ७५ मिलिमीटरचे एकच पाणी द्यावयाचे झाल्यास साडेसात लाख लिटर लागतात. म्हणजे शेकडो किलोमीटर धावून आलेल्या त्या गाडीतील सर्व पाणी एका हेक्टराच्या एका पाळीलाही पुरले नसते! पाणी आणून शेती होत नाही. पडलेले पाणी राखूनच ती होते, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

धरण हे मोठे भांडे आहे. ते भरणारा पाऊस मात्र वर, डोंगरावर आणि शेतांवर पडतो. डोंगर उघडे पडले, बांध फुटले की पाण्याबरोबर माती वाहून येते आणि भांडे गाळाने भरते. म्हणून पाणी अडविण्याचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावयाचे असते. डोंगरउतारावर सलग समतल चर आणि गवत, शेतात बांधबंदिस्ती, ओढ्यावर लहान बंधारे आणि सर्वांत खाली पाझर तलाव, असा क्रम होय. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली तशीच अशी कामेही केली आणि त्यातून पुढे राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली. बंधाऱ्यातील गाळ दरवर्षी उन्हाळ्यात काढून शेतात टाकावा. त्याने तलावाचे पोट मोकळे होते आणि हलक्या जमिनीचा कस वाढतो. नदीतील वाळूचा बेसुमार उपसा मात्र थांबला पाहिजे. वाळू हे पाणी धरून ठेवणारे अंथरूण आहे. ती गेली की नदीकाठच्या विहिरी उघड्या पडतात.

शेततळ्याविषयीही तारतम्य हवे. वाहून जाणारे पावसाचे पाणी त्यात अडविले तर ते उपकारक आहे. परंतु विहिरीचे पाणी उपसून ते उघड्या शेततळ्यात भरून ठेवणे म्हणजे भूमीखालचे झाकलेले पाणी उन्हात मांडणे होय. आपल्याकडे उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी वाफ होऊन जाते.

ठिबक सिंचनाने पाणी मुळाशी जाते आणि मोठी बचत होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावला तर गावाच्या हाती काही उरत नाही. बचत कोणासाठी, हे आधी ठरले पाहिजे. पाटाने मोकाट पाणी देण्याची सवय तर दुहेरी हानी करते. पाणी वाया जाते आणि भारी काळी जमीन कालांतराने चोपण होते.

ज्यांनी करून दाखविले

शेजारच्या जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव बीडहूनही कमी पावसाचे आहे. १९९० साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, डोंगरावर चर खोदले आणि शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा ठराव केला. ऊस व केळी यांसारखी अधिक पाण्याची पिके गावाने वर्ज्य केली. पावसाळा संपला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस कमी झाला असेल तर त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची हे त्यावरून ठरते. बाहेरगावी गेलेली कुटुंबे पुढे गावी परतली, ही या कामाची मोठी पावती होय.

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचा, माणशी अर्ध्या एकराचे पाणी, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क आणि उसाला बंदी, अशी तिची तत्त्वे होती. पाणी ही जमिनीला चिकटलेली मालमत्ता नसून सर्वांचा ठेवा आहे, हा विचार या नियमांत होता.

आपल्या जिल्ह्यातही निसर्गाने मार्ग दाखविला आहे. बालाघाटच्या खडकाळ उतारावर सीताफळ वरच्या पाण्यावाचून वाढते. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि अंबाजोगाई येथे या फळाचे संशोधन केंद्र आहे. ज्वारी, बाजरी, तूर, मटकी, हरभरा, करडई ही पिके या मातीची आहेत. ज्वारीपासून माणसास भाकर मिळते आणि जनावरास कडबा. कडबा असला म्हणजे चारा छावणीकडे पाहावे लागत नाही.

शाळेत करावयाचे काम

या विषयात शिक्षकाने व्याख्यान देण्यापेक्षा मुलांकडून मोजमाप करून घ्यावे. त्यासाठी खर्च नाही.

१. पर्जन्यमापन : सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा शाळेच्या मोकळ्या आवारात, झाडापासून व भिंतीपासून दूर ठेवावा. जून ते ऑक्टोबर रोज सकाळी ठराविक वेळी पट्टीने पाणी मोजून मिलिमीटरमध्ये नोंद करावी. बाजू सरळ असल्या म्हणजे तोंड लहान असो वा मोठे, उंची तीच येते. ती का, हे मुलांना शोधावयास सांगावे.

२. विहिरीची पातळी : गावातील तीन-चार विहिरी निवडून दरमहा एका ठरलेल्या दिवशी गाठी मारलेल्या दोरीने काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. दोरी शिक्षकाने वा जाणत्या माणसाने सोडावी. मुलांना काठावर वाकू देऊ नये. नोंद मुलांनी करावी.

३. मातीचा प्रयोग : दोन पाट्यांत सारखी माती घेऊन सारखे पाणी घालावे. एकीवर पालापाचोळा पसरावा, दुसरी उघडी ठेवावी. चौथ्या दिवशी हात घालून ओल पाहावी.

४. गावचा ताळेबंद : वर दिलेल्या रीतीने आपल्या गावचे शिवार, वस्ती, जनावरे आणि पिकांखालील क्षेत्र यांचे आकडे तलाठी व ग्रामपंचायत यांच्याकडून घेऊन मोठ्या मुलांनी हिशेब मांडावा. ऑक्टोबरअखेर तो शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहावा.

५. सहल : बीड व आसपासच्या शाळांनी खजाना विहीर, इतरांनी आपल्या गावची जुनी बारव दाखवावी. पाणी कोठून येते आणि कोठे जाते याचे चित्र मुलांकडून काढून घ्यावे.

एक दक्षता घेणे अवश्य आहे. पाण्याचा प्रश्न गावात नाजूक असतो. कोणाच्या विहिरीचे किंवा उसाचे नाव घेऊन वाद ओढवून घेऊ नये. आकडे फळ्यावर मांडणे हे शाळेचे काम, निर्णय घेणे हे ग्रामसभेचे काम. परंतु पाच वर्षांचा पाऊस आणि विहिरींच्या पातळ्या ज्या शाळेच्या वहीत नोंदलेल्या असतील, तिला ग्रामसभेत कोणी डावलू शकणार नाही.

ज्या मुलाने आज दोरीची गाठ मोजली, तो उद्या आपल्या शेतात काय पेरावयाचे हे ठरविणार आहे. त्याच्या विहिरीत फाल्गुनापर्यंत पाणी राहिले तर त्यास कोयता उचलून गाव सोडण्याचे कारण कमी होईल, आणि दिवाळीनंतर हजेरी घेताना त्याच्या मुलाच्या नावापुढे ‘उपस्थित’ अशी खूण करता येईल.